दहावीनंतर आयटीआय करायचंय? इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक की सोलर, फॉर्म भरण्याआधी हे समजून घ्या



दहावीचा निकाल लागला की ओळखीतल्या मुलांचे व्हॉट्सॲप सुरू होतात. "दादा, ६२ टक्के पडलेत, डिप्लोमा करू की आयटीआय?" "तीन महिन्यांचा एसी रिपेअरिंग कोर्स आहे, नोकरीची १०० टक्के गॅरंटी म्हणतायत, करू का?" "इलेक्ट्रिशियन आणि वायरमन एकच ना?" प्रत्येकाला तेच तेच टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय. म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतो.

मी स्वतः इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून आयटीआय केलंय, त्यानंतर एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होतो आणि आता घरांच्या छपरांवर सोलर बसवण्याची कामं करतो. त्यामुळे खालचं बरंचसं विजेच्या आणि एसीच्या कामाबद्दल आहे. वेल्डर, फिटर, टर्नर हेही चांगले ट्रेड आहेत, पण जे मी हाताने केलेलं नाही त्यावर जास्त बोलणार नाही.

आधी आयटीआय म्हणजे नेमकं काय ते बघू

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालापासून चालू आहे आणि आयटीआयचे अभ्यासक्रम तिच्याखाली येतात. आपल्या राज्यात प्रवेशाचं काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय बघतं. लोक त्याला डीव्हीईटी म्हणतात.

इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा हे एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, गणित आणि विज्ञान घेऊन. वायरमन, वेल्डर, प्लंबर अशा काही ट्रेडना दहावी नापास झालेल्यांनाही अर्ज करता येतो. एखादा विषय राहिला म्हणून घरात बसलेल्यांनी हे वाक्य परत एकदा वाचा.

आता खरा फरक. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास शिकवणं धरलंय आणि त्यातले ८४० तास प्रॅक्टिकलचे आहेत. म्हणजे जवळपास ७० टक्के वेळ तुम्ही वर्कशॉपमध्ये उभे असता. कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल आठवड्यातून दोनदा असतं, इथे थिअरी मध्येमध्ये येते. ज्यांना चार तास बाकावर बसवत नाही त्यांच्यासाठी हे बरं आहे. पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभं राहून फाइल घासायची तयारी हवी.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे एनटीसी म्हणतात. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. "नाव इथे, काम दुसरीकडे" असं काही तुमच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका.

इलेक्ट्रिशियन आणि वायरमन

दोन्हींत घरगुती फिटिंग शिकवतात, पण इलेक्ट्रिशियनमध्ये मोटर, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल पॅनेल, वाइंडिंग हा भाग मोठा आहे. वायरमनमध्ये भर वायरिंग आणि लाइनवर. कारखान्यात मेंटेनन्सला जायचं असेल तर इलेक्ट्रिशियनला दारं जास्त उघडी असतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत दोन्ही ट्रेड चालतात. ती भरती निघाली की गावागावात पोरं अभ्यासाला बसतात हे तुम्ही पाहिलं असेलच.

आता एक गोष्ट, जी व्हिडिओंमध्ये फारशी कोणी सांगत नाही: परवाना.

विजेची जोडणी करणं हा कायद्याने नियंत्रित धंदा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात की असं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातून झालं पाहिजे. बल्ब, पंखा बदलणं यात येत नाही. पण नवीन मीटर घ्यायला गेलात की टेस्ट रिपोर्ट मागतात आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते.

सगळ्या गावाची वायरिंग करणारे एक काका मी बघितलेत. हात इतका साफ की भिंतीत पाइप कुठून गेलाय ते नुसतं बघून सांगतील. परवाना नाही. मग सही करायला तालुक्याचा एक ठेकेदार येतो, दहा मिनिटं उभा राहतो आणि त्याचे पैसे घेऊन जातो. आयटीआयच्या कागदाचा खरा उपयोग इथे आहे. नोकरीसाठी लागतोच, पण वायरमन परवाना, पुढे पर्यवेक्षक, मग स्वतःचं ठेकेदारीचं लायसन्स या जिन्याची पहिली पायरी तोच कागद आहे. तीन महिन्यांच्या "डिप्लोमा"च्या चकचकीत सर्टिफिकेटवर ही पायरी चढता येत नाही.

एसीचं काम आता वेगळं झालंय

अनेकांना वाटतं एसी मेकॅनिक म्हणजे जाळी धुणारा आणि गॅस भरणारा. तो जमाना होता. आज दुकानात जा, बहुतेक स्प्लिट एसी इन्व्हर्टरवाले दिसतील. यात काय बदललं ते थोडक्यात सांगतो.

जुन्या एसीत कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. इन्व्हर्टर एसीत आतलं सर्किट बोर्ड २३० व्होल्टचा एसी करंट आधी डीसी करतं आणि मग त्यातून हव्या त्या वेगाने कॉम्प्रेसर फिरवणारा तीन फेजचा करंट तयार करतं. खोली थंड झाली की वेग कमी. म्हणून वीज वाचते. पण यामुळे बिघाडाचं स्वरूप बदललं. आता डिस्प्लेवर एरर कोड येतो, बोर्डवर मोजमापं घ्यावी लागतात, सेन्सरचा रेझिस्टन्स तपासावा लागतो. मल्टिमीटर नीट वापरता येत नाही तो माणूस इथे "बोर्ड गेला, बदलावा लागेल" एवढंच सांगू शकतो. गिऱ्हाइकाला हजारोंचा खर्च आणि चूक दोन रुपयांच्या सैल कनेक्टरची.

आणि जिवाचा प्रश्न. त्या बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. प्लग काढल्यावर तो लगेच जात नाही. थांबायचं, मीटरने मोजायचं, मगच हात लावायचा.

गॅसचंही तसंच. जुना आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून हळूहळू बाद होतोय. आज बऱ्याच नव्या एसीत आर-३२ असतो. हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२२ पेक्षा बऱ्याच जास्त प्रेशरवर चालतो. काही मॉडेलमध्ये आर-२९० येतो. तो म्हणजे प्रोपेन, चांगलाच पेट घेणारा. अशा युनिटवर तोंडात बिडी धरून गॅस वेल्डिंग करणारा "अनुभवी" माणूस मी प्रत्यक्ष पाहिलाय. काही झालं नाही, त्याचं नशीब.

त्याहून धोकादायक एक सवय आहे. पाइपात गळती आहे का हे बघायला आत दाब भरतात. त्यासाठी कोरडा नायट्रोजन वापरायचा असतो. काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलेंडर हाताशी असतो म्हणून तोच जोडतात. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की कॉम्प्रेसर फुटू शकतो आणि माणसं मरतात. "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" असं सांगणारा उस्ताद भेटला तर त्याच्याकडून काम शिकू नका.

एसीच्या धंद्याचं गणितही ऐका. फेब्रुवारी ते जून फोन उचलायला वेळ नसतो. आमच्या भागात साध्या सर्व्हिसचे पाचशे ते आठशे रुपये मिळतात, इन्स्टॉलेशनचे जास्त. पण पावसाळा आला की शांतता. त्या चार महिन्यांचं भाडं मार्चमध्येच बाजूला ठेवावं लागतं. जे टिकलेत ते पावसाळ्यात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि दुकानांचे डीप फ्रीजर करतात. शिवाय हत्यारं: क्लॅम्प मीटर, व्हॅक्यूम पंप, गेज, फ्लेअरिंग टूल, गॅस तोलायचा वजनकाटा. नीट सेट घ्यायचा तर पंचवीस-तीस हजार सहज लागतात. व्हॅक्यूम पंप न घेता थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलणारे बरेच आहेत. त्याने आतली ओल निघत नाही आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. गिऱ्हाईक म्हणून तुम्हीही विचारा, "दादा, व्हॅक्यूम करणार ना?"

सोलर: माझं रोजचं काम

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांवर सोलर बसवायचं लक्ष्य. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राची सबसिडी. पॅनेल काही स्वतःहून छपरावर चढत नाही. त्यामुळे कामाला माणसं लागतायत.

पण "सोलर टेक्निशियन" नावाचा छोटा कोर्स करून थेट यात उडी मारावी का? माझं मत: आधी इलेक्ट्रिशियन व्हा. कारण असं. घरातला करंट एसी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे स्विच उघडताना ठिणगी पडली तरी ती विझायला संधी मिळते. पॅनेलमधून येणारा करंट डीसी आहे, तो शून्यावर येतच नाही. दहा पॅनेल एका ओळीत जोडली की चारशे-पाचशे व्होल्ट डीसी होतो. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगीची ज्योत होते आणि ती तशीच जळत राहते. आणि ऊन आहे तोवर पॅनेलला "बंद" असं बटणच नाही. हे ज्याला समजलं नाही त्याने छपरावर जाऊ नये.

घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर आणखी एक भानगड. मेन स्विच पाडला की आपण समजतो वायर मेली. पण लाइट गेली समजून इन्व्हर्टर लगेच चालू होतो आणि त्याच्या सर्किटमधल्या वायरींत परत २३० व्होल्ट. आमच्या साइटवर एका हेल्परला असाच झटका बसला. शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर होता म्हणून खरचटण्यावर निभावलं, आठव्या पायरीवर असता तर हा परिच्छेद वेगळा झाला असता. त्या कामाच्या ठेकेदाराने हेल्मेट दिलं नव्हतं, दोर दिला नव्हता, आणि वर त्या मुलाचा अर्धा दिवस कापला. म्हणून सांगतो, नव्या ठिकाणी काम धरताना पगाराआधी विचारा की हार्नेस आहे का, विमा आहे का.

अप्रेंटिसशिप वगळू नका

आयटीआय झाल्यावर पोरं विचारतात, वर्षभर कमी पैशात कशाला राबायचं? आकडा आधी सांगतो. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये स्टायपेंड ठरवला होता. २०२५ मध्ये तो वाढवायची शिफारस झाली. तुमच्या वेळचा आकडा अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर बघून घ्या. कंपनी त्याहून जास्तही देऊ शकते, आणि देतातही.

पैसे कमी आहेत, मान्य. पण आयटीआयच्या पॅनेलवर तुम्ही जो कॉन्टॅक्टर जोडता तो नंतर सोडवून परत डब्यात जातो. कारखान्यात तो बंद पडला तर लाइन थांबते आणि सुपरवायझर डोक्यावर उभा असतो. बिघाड शोधायची शिस्त मी तिथे शिकलो: आधी बघ, मग मोज, मग उघड. वर्षाच्या शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं आणि रेल्वे, सरकारी कंपन्यांच्या भरतीत त्याचा उपयोग होतो. फक्त एक सावधगिरी. पोर्टलवर नोंदलेला करार तुमच्या नावाने झालाय का ते फोनवर लॉगिन करून बघा. "ट्रेनी" म्हणून ठेवतात आणि करारच नसतो, असंही चालतं.

"पण मग शिक्षण थांबलं ना?"

हा प्रश्न सहसा घरचे विचारतात, आणि काळजीपोटी विचारतात. उत्तर: नाही थांबत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घ्यायचीही सोय आहे. शिकवायची आवड असेल तर आयटीआयचा निदेशक होण्यासाठी वेगळा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे.

पाहुण्यांपुढे "मुलगा आयटीआय करतोय" म्हणताना आवाज खाली जातो, हे मी आमच्या घरी ऐकलंय. यावर माझ्याकडे तांत्रिक उपाय नाही. त्याच पाहुण्यांचा एसी मे महिन्यात बंद पडला की ते फोन मलाच करतात, एवढं खरं.

मुलींसाठी वेगळं एक वाक्य: सरकारी आयटीआयमध्ये मुलींना राखीव जागा आहेत, पुण्यात औंधसारख्या ठिकाणी मुलींची स्वतंत्र संस्थाही आहे. इलेक्ट्रिशियनच्या बॅचमध्ये मुली कमी दिसतात, पण पॅनेल वायरिंगच्या कारखान्यांत मी त्यांना रांगेने काम करताना पाहिलंय आणि त्यांच्या वायरी माझ्यापेक्षा सरळ असतात.

आणि मोबाईल रिपेअरिंग?

हे विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. डिस्प्ले आणि बॅटरी बदलणं महिनाभरात येतं, म्हणूनच त्यात गर्दी आहे आणि दर पडलेत. शिवाय काही कंपन्यांच्या फोनमध्ये सुटा भाग बदलला की सॉफ्टवेअर तो ओळखायला नकार देतं. पैसे आहेत ते बोर्डच्या कामात: मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग, शॉर्ट शोधणं, स्किमॅटिक वाचणं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा पाया असेल तर तुम्ही गर्दीतून बाहेर पडता. बीएलडीसी पंखे, इन्व्हर्टर एसीचे बोर्ड, ई-स्कूटरचे चार्जर, सगळीकडे तेच ज्ञान चालतं. ई-गाड्यांसाठी तर आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिक हा दोन वर्षांचा वेगळा ट्रेडही आलाय. तो निवडण्याआधी संस्थेत खरी ई-गाडी उघडायला मिळते का, की फळ्यावरच बॅटरी शिकवतात, ते बघून या.

संस्था कशी तपासायची

वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नका. एक दिवस काढा, संस्थेत जा, वर्कशॉप बघा. मशीनवर धूळ आहे की तेलाचे ताजे डाग? इलेक्ट्रिशियनच्या खोलीत मोटर उघडलेली दिसते का? पाच मिनिटं दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, सर रोज येतात का ते तीच खरं सांगतील. खाजगी संस्था असेल तर त्या ट्रेडला राष्ट्रीय पातळीची संलग्नता आहे का हे विचारा आणि स्वतः सरकारी यादीत शोधा. "आमचं सर्टिफिकेट परदेशात चालतं" एवढंच सांगत असतील तर चहा पिऊन निघा.

अभ्यासासाठी केंद्राचं भारत स्किल्स हे पोर्टल फोनवर फुकट उघडतं. ट्रेडनिहाय अभ्यासक्रम, प्रश्नसंच, व्हिडिओ तिथे आहेत. ॲडमिशनच्या आधीच तुमच्या ट्रेडचा अभ्यासक्रम डाउनलोड करून चाळा. पाच पानांत कंटाळा आला तर दुसरा ट्रेड उघडून बघा, ॲडमिशननंतर कळण्यापेक्षा हे बरं.

फॉर्म भरताना नुसता ट्रेड भरायचा नसतो, ट्रेड आणि संस्था अशी जोडी भरायची असते. "इलेक्ट्रिशियन, घराजवळची संस्था" पहिलं आणि "इलेक्ट्रिशियन, जिल्ह्याच्या गावची संस्था" दुसरं, असा क्रम विचार करून लावा, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायची वेळ येऊ शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पोर्टलवर मिळते, फेऱ्यांचे नियम त्यात मराठीत दिलेले असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला लागू असल्यास तो, आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, एवढं आजच बघून ठेवा. ओटीपी मामाच्या जुन्या सिमवर जातो आणि मामा नाशिकला असतो, असं शेवटच्या दिवशी होतं.